मालगुजारांच्या कोटावरचं रफू

बाईंनी कोटाच्या छातीवर, नेमकं माझ्या रफूवर भिंग धरलं.

बाई नागपूरहून आल्या होत्या. जुने कपडे टिकवणं हे त्यांचं काम. सिहोऱ्याकडच्या एका मालगुजार, म्हणजे जमीनदार घराण्याला पणजोबांचा कोट काचेच्या कपाटात ठेवायचा होता. काळ्या बनातीचा, म्हणजे दाट लोकरी कापडाचा. पुढून आखूड, मागे दोन शेपट्या. इंग्रज साहेबाकडच्या जेवणासाठी शिवलेला. पुढे घरातला प्रत्येक नवरदेव तो घालून एक फोटो काढायचा. माझं मोहाडीत टेलरिंगचं दुकान होतं. लग्नाआधी कोट माझ्याकडे इस्त्रीला यायचा. म्हणून घरच्या प्रशांतने मलाही बोलावलं होतं.

"हे रफू तुमचं? कशामुळे करावं लागलं?" बाईंनी विचारलं.

"कसर लागली होती," मी म्हणालो.

प्रशांतच्या लहान काकाच्या लग्नातही मी हेच म्हणालो होतो. खरं असं, की त्या लग्नाआधी कोळशाची इस्त्री कोटावर ठेवून मी गिऱ्हाइकाशी बोलत राहिलो. कोट जळाला. मालगुजारांना कळलं तर दुकान बंद होईल, या धास्तीने मी जळका भाग कात्रीने काढला, रफू केलं आणि लोकर खाणाऱ्या किड्याचं, कसरीचं नाव सांगितलं.

कपड्यांची पेटी तेव्हा मधल्या सुनेकडे, पुष्पाबाईंकडे असायची. कपड्यांना ऊन दाखवणं, कडुलिंबाचा पाला घालणं त्याच करायच्या. कसर लागू दिली म्हणून सासूने त्या लग्नात भरल्या मांडवात त्यांच्या कमरेची पेटीची किल्ली काढून घेतली. ती परत दिली नाही.

त्या आज समोर दिवाणावर बसल्या होत्या. प्रशांत हसत म्हणाला, "काकूच्या राज्यात कसरीचं जेवन झालं."

बाईंनी भिंग ठेवलं. "टाके बारीक आहेत. उसवायला नको. कपाटावरच्या पाटीवर कसर असंच लिहिते."

मी सुटलो होतो. पण आता ते खोटं काचेआड कायमचं लागणार होतं.

"उसवा," मी म्हणालो. बाई नाही म्हणाल्या, कापडाला धोका आहे.

"टाके माहे आहेत. मीच उसवतो."

मी ब्लेडने एकेक टाका कापला. छाती ताठ राहावी म्हणून कोटाच्या आत कॅनव्हास लावतात. त्यावर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग तसाच होता.

"कसर नोती. मी जाळला," मी सांगितलं. प्रशांतचं हसू गेलं.

पुष्पाबाई शांतपणे म्हणाल्या, "मले तवाच मालूम होतं. जळल्या केसावानी वास येत होता. सासूबाईले म्हनलं, टेलरभाऊले इचारा." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यायनं इचारलं बी."

इचारलं होतं. माझ्याच दुकानात, तोंडावर. तेव्हाही मी कसरच म्हणालो.

प्रशांतने आतून पेटीची किल्ली आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"आता कायले, बापू?" त्या प्रशांतला म्हणाल्या. "पेटीत डांबराच्या गोळ्याच त राह्यल्या."

किल्ली दिवाणावरच राहिली. बाईंनी कसर हा शब्द खोडला आणि इस्त्री लिहिलं.

लोकरीवर इस्त्री करताना मध्ये ओलं फडकं घालावं. तरी जळालंच, तर रफू करायच्या आधी सांगावं.