भूकंपयंत्राबरोबर परदेशी गेलेल्या नोट्स

आमच्या नांदेडच्या युनिव्हर्सिटीत परदेशी पार्सलांचं एकच टेबल होतं. त्यावर मी आणि हेडक्लार्क पांचाळ साहेब. वस्तू लष्कराच्या कामाची नाही, हे सरकारला लिहून दिल्याशिवाय पार्सल हलत नसे. इतर टेबलांवर धूळ साचायची, आमच्याकडे किस्से.

* * *

लातूरकडच्या मोठ्या भूकंपानंतर भूगर्भशास्त्राचे बिरादार सर गावोगावचे दगड तपासणीला परदेशी पाठवू लागले. फॉर्मवर प्रश्न होता, 'या वस्तूचा शस्त्र म्हणून उपयोग होऊ शकतो का?' पांचाळ साहेब भोकरकडचे, लहानपणी शेत राखलेले. त्यांनी लिहिलं, 'होय. गोफणीतून.'

पार्सल दीड महिना अडकलं. सर चिडले, तर साहेब म्हणाले, "खोटं कसं लिहू सर? म्या सोता मारलेत."

* * *

खोकं बंद करताना साहेब त्याला हळदकुंकू लावत. एकदा पुडीच आत सांडली. मुंबईच्या तपासणी अधिकाऱ्याचा फोन आला, यादीत नसलेल्या दोन पावडरी सापडल्यात, लेखी खुलासा द्या. साहेबांनी नवा फॉर्म घेतला. 'उपयोग' या रकान्यात लिहिलं, 'पार्सल सुखरूप पोचावे म्हणून.'

'अंतिम वापरकर्ता' या रकान्यात लिहिलं, 'देव.'

* * *

मग भूकंप मोजायचं यंत्रच बिघडलं. ते लांबचे अणुस्फोटही टिपायचं, त्यामुळे दुरुस्तीला बाहेर पाठवायचं तर कागदांची चळतच लागली. यादी मी तीनदा तपासली. पॅकिंगला साहेबांनी घरून रद्दी आणली. त्यांची सुनीता लातूरला बारावीच्या क्लासला होती, अशा घरात रद्दीला काय तोटा!

सुट्टीवर आलेली सुनीता दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर. "पप्पा, टेबलावरच्या माझ्या फिजिक्सच्या नोट्स कुठं हायेत?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खोकं कालच मुंबईला गेलं होतं. परीक्षा दोन महिन्यांवर, आणि लातूरला त्या दिवसांत कोणी कोणाला नोट्स देत नसे. पोरीचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

* * *

आठवड्याने त्याच अधिकाऱ्याचा फोन. "यंत्राबरोबर अणुविज्ञानाची माहिती पाठवताय? यादीत नाही ती."

"ते काढून वापस पाठवा साहेब," पांचाळ साहेब गयावया करू लागले. "लेकरू रडून राहिलंय."

"सीलबंद खोक्यातून काही काढता येत नाही. यादीत घाला."

साहेबांनी यादीत भर घातली, 'अणुविज्ञान, इयत्ता बारावी, हस्ताक्षर खराब.' दगडाला दीड महिना लावणारी परवानगी यावेळी चार दिवसांत आली, आणि नोट्स विमानात बसल्या. आमच्यापैकी कोणीच तोवर विमानात बसलं नव्हतं.

* * *

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना खोकं परत आलं. बिरादार सर यंत्राकडे धावले, आम्ही नोट्सकडे. यादीत जे गेलं ते सगळं परत यायला हवं, असा नियम. म्हणून तिकडच्या इंजिनियरने एकेक कागद सरळ करून क्रमाने लावला होता. लावता लावता वाचलाही होता. जागोजागी लाल शाईच्या बरोबरच्या खुणा होत्या. फक्त क्लासच्या सरांनी सोडवून दिलेल्या चौदाव्या गणितावर फुली, आणि शेजारी अख्खं गणित नव्याने सोडवलेलं.

साहेब नोट्स घेऊन लातूरला गेले आणि तो कागद क्लासच्या सरांना दाखवला. सरांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "त्याचंच बरोबर हाय. इतवारी शिकवायला येतो का, इचारा."

शेजारी उभ्या सुनीताने नोट्स छातीशी धरल्या आणि विचारलं, "पप्पा, यंत्र पुन्हा कधी बिघडंल? केमिस्ट्रीच्या बी नोट्स हायेत."