सावळाराम मिस्त्रीचं लायसन

हिर्डोशीच्या अंगाला कुठल्याही ओढ्यावर उभं राहा आणि विचारा, हा साकव, हा ओढ्यावरचा लहान पूल, कुणी बांधला. माणसं सांगतील, आपल्या सावळाराम मिस्त्रीनं. कागदाला विचाराल तर तो भोरच्या आनंद इंजिनियरचं नाव सांगेल. कागदाला कुठं लाज असते!

त्याचं असं, की सरकारी काम घ्यायला ठेकेदाराचं लायसन लागतं. ते आनंदकडं होतं, सावळारामकडं नव्हतं. चोवीस वर्षं आनंदनं टेंडर भरायचं, आपला वाटा काढून घ्यायचा आणि काम सावळारामच्या गळ्यात घालायचं. पाया किती खोल न्यायचा, पुराचं पाणी कुठवर चढतं, सगळं सावळारामच्या डोक्यात. आनंद उगवायचा तो उद्घाटनाला, फेटा बांधून घ्यायला.

औंदा खुद्द सावळारामच्या वाडीचा साकव मंजूर झाला. पावसात त्या ओढ्यापायी वाडी चार-चार दिवस तुटायची. सावळारामनं मनात धरलं, एवढं एक काम तरी आपल्या नावावर करायचं. पोरगी नूतन शिकलेली. तिनं लायसनचा अर्ज मोबाईलवर भरला. त्यात पूर्वी केलेल्या कामांचे दाखले मागितले होते.

"दाखलं हायती की," सावळाराम म्हणाला, आणि पत्र्याची पेटी उचलून पोरीबरोबर भोरच्या कचेरीत गेला.

या भागात काम पुरं झालं की गाव मिस्त्रीला टॉवेल-टोपी देतं. सावळारामनं त्यातली एकही टोपी डोक्यावर चढवली नव्हती. प्रत्येकीत त्या गावाच्या नावाची चिठ्ठी घालून ठेवली होती. एकतीस टोप्या त्यानं क्लार्कच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. नूतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्लार्क हसला नाही, हे त्याचे उपकारच म्हणायचे.

"काका, मला सही-शिक्का लागतो," तो म्हणाला. "ज्यांची कामं केलीत त्यांच्याकडून लिहून आणा."

सावळाराम तसाच आनंदकडं गेला. त्यानं चहा पाजला. पण दाखल्याचा विषय निघाला तसा त्याचा चेहरा उतरला. "मिस्त्री, कामं तुम्ही केलीत असं मी लिहून दिलं, तर माझंच लायसन जाईल. घेतलेलं काम परस्पर दुसऱ्याला देता येत नाही."

म्हणजे बघा. चोवीस वर्षं नियम मोडला आनंदनं आणि भोगायचं सावळारामनं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

टेंडर भरायची मुदत टळली. साकवाचं टेंडर आनंदलाच लागलं. आठ दिवसांनी त्यानं सावळारामला बोलावून घेतलं, तेव्हा स्टँपपेपर तयार होता. नूतननं तो मोठ्यानं वाचला. सावळाराम आनंदकडं रोजंदारीवर मजूर होता, आजवर एकही बांधकाम त्यानं स्वतः घेऊन केलेलं नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"तुम्ही कचेरीत टोप्या मांडल्या, सगळीकडं बोभाटा झाला," आनंद म्हणाला. "सही करा, साकव तुमच्याकडं. नाहीतर माझ्याकडं दुसरी माणसं आहेत."

"नका करू, आबा," नूतन म्हणाली. रागानं तिनं कागद मागं सारला.

सावळारामला ती दुसरी माणसं ठाऊक होती. वेल्ह्याकडं त्यांनी बांधलेली एक भिंत दुसऱ्याच पावसात बसली होती. या साकवावरून त्याची बायको सगुणाबाई रोज डोक्यावर भारा घेऊन येणार होती, वाडीची पोरं शाळेला जाणार होती. चीड त्यालाही आली होती, लई आली होती. पण चिडून ओढ्यावर पूल होत नसतो.

"पाया खडक लागंस्तवर खाली न्यायचा," तो म्हणाला. "सिमेंट म्या सांगीन तेवढं. त्यात काटछाट चालायची न्हाई."

"कबूल," आनंद म्हणाला.

सावळारामनं पेन घेतलं. आपण आजवर काहीच बांधलेलं नाही, असं जिथं लिहिलं होतं, त्याच्या खाली त्यानं सावकाश, एकेक अक्षर जुळवत, आपलं नाव लिहिलं.