तीन फुफ्फुसांचं दुकान

मुलांनो, न्यूमोनियात तुमच्या आईचं एक फुफ्फुस मिटलं होतं आणि आता ते पुन्हा फुललं, हे तुमच्या पत्रात वाचलं. जीव भांड्यात पडल्यावर मला आठवली बीडमधली आमची शेजारीण, सोनाराची बायको. गाल फुगवून दिव्यासमोर बसलेली. मला तिचा फार हेवा वाटे. तिला ओळखणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

राज्य निजामाचं. मी पुण्यात इंग्रजी शिकून, लग्न होऊन बीडला आले. तुमचे आजोबा वकील, पण कोर्टाचं सगळं काम उर्दूत. त्यामुळे माझ्या इंग्रजीला घरात कोणी विचारत नसे, आणि मलाही फारसं नाही.

त्याच साली मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली. घरोघरी माणसं पडली. सोनाराचा ताप उतरत आला होता, तोच एका सकाळी खोकताना त्याच्या छातीत कळ आली. दम लागला, ओठ निळे पडले. दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादचे, त्यांना मराठी येत नसे. त्यांनी बोटांनी छाती ठोकून पाहिली आणि काय झालंय ते मला इंग्रजीत समजावलं. मी सोनाराच्या बायकोला सांगितलं, "फुफ्फुसाला छिद्र पडलंय. हवा बाहेर पडून छातीत साठली, म्हणून एका बाजूचं फुफ्फुस मिटलं. ते वाचतील, पण फुंकणी बंद."

सोनार नळीने दिव्याची ज्योत दागिन्यावर फुंकतो, तेव्हा सांधा जुळतो. फुंकणी बंद म्हणजे दुकान बंद.

ती म्हणाली, "दुसरं फुफ्फुस हाय न्हवं? आन माजी दोन. तीन झाली की, वकिलीणबाई! लई झाली."

तो उठून बसू लागला, तशी ती दुकानात त्याच्या शेजारी बसली. चिमटा त्याच्या हातात, नळी तिच्या तोंडात. जोरात फुंकलं तर तार वितळते, हळू फुंकलं तर सांधा धरत नाही. ती त्याच्या भुवईकडे बघून फुंकायची. भुवई वर गेली की जोर, खाली आली की धीमं. आमच्याकडे भुवई वर जाई ती आमटीत मीठ कमी पडलं तर.

आष्टीचं एक गिऱ्हाईक एकदा म्हणालं, "काय बे, बायकोच्या दमावर धंदा?"

"तुजी शेजारी बसत न्हाई, म्हून जळतोस का बे?" सोनार म्हणाला.

जळत मी होते, खिडकीत.

एकदा मी म्हटलं, "मला फुंकून बघू दे की." तिने नळी पदराआड घेतली. "ह्ये सोडून काय बी मागा."

उन्हाळ्यात डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली. फुफ्फुस पूर्ण फुललंय, आता खुशाल फुंकू दे, म्हणाले. मी ते सोनाराला मराठीत सांगितलं. ती तेव्हा घरी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती नदीवर गेली असताना त्याने परसातल्या चुलीतली ओली लाकडं फुंकून पेटवली. मी पाहिलं. मग ती परतल्यावर त्याने दुकानात नळी ओठाला लावली, खोकला आणि तिच्या हातात दिली. "न्हाई जमत," म्हणाला.

मला राहवलं नाही. तिची ती जागा मला बघवत नव्हती. विहिरीवर गाठून मी तिला म्हटलं, "अगं, तुझा नवरा बरा झालाय. खोकला खोटा आहे त्याचा."

तिने इकडेतिकडे पाहिलं. "म्हाईत हाय मला. ओली लाकडं आपसूक पेटत्यात व्हय? पर मला कळलंय ह्ये त्यास्नी सांगू नका."

"का?"

"मग मला उठावं लागंल."

हसली आणि घागर उचलून गेली.

मी कोणाला सांगितलं नाही. तो म्हातारा होऊन गेला, तोवर ती फुंकत होती. त्यानंतर तिने नळीला हात लावला नाही, आणि पुढे तीही गेली. दुकानाच्या जागी आता कापड विकतात. त्यांच्या हातचं काहीही माझ्याकडे नाही. हेवा तेवढा आहे.