आधी नुसतं म्हण

गाणं शिकवताना अक्का आधी माझ्या हातातला तानपुरा काढून घेत. "हा काही पळून जात नाही. आधी नुसतं म्हण," असं म्हणून गाण्याचे शब्द चालीशिवाय, घरात बोलावं तसे बोलायला लावत. पुण्यात गाण्याच्या परीक्षा देऊन आलेल्या मला हा सगळा खुळेपणाच वाटे.

लग्न होऊन मी चंदीगडला आले, तेव्हा सेक्टर बावीसच्या सरकारी क्वार्टरमध्ये अक्का शेजारी होत्या. त्या सांगलीकडच्या. माझं लग्न आईच्या मनाविरुद्ध झालं होतं आणि तिनं माझं नावच टाकलं होतं. हे मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

अक्कांच्या आईनं रचलेलं एक गाणं होतं. सासरी निघालेली मुलगी म्हणते, "आई, दार उघडं ठेव." मी ते घोटून घोटून बसवलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सूर चोख, मात्रा जागच्या जागी. पण अशा आवाजात सांगितलंस, तर आई कडी लावून झोपेल." मला राग आला. अक्कांची मान एकदा तरी डोलवायचीच, असं मी मनाशी ठरवलं.

थंडीत आम्ही मागच्या अंगणात उन्हाला मटार सोलत बसायचो. पलीकडच्या घरातल्या पंजाबी आजी, बीजी, याही येत. एकदा अक्का तेच गाणं गुणगुणत होत्या, तर बीजींचे हात थांबले. मराठीचा त्यांना गंध नव्हता. "बहनजी, फेर सुणाओ," म्हणाल्या. अक्कांनी पुन्हा म्हटलं. सूर तेच, पण विनवणी गेली होती. नुसती हाक उरली होती. बीजी चुन्नीनं डोळे पुसत राहिल्या. नंतर मी विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "अगं, त्यांचं माहेर फाळणीत लायलपूरला राहिलं. ज्यांचं दारच गेलं, त्यांना दार उघडं ठेव कसं म्हणायचं?"

पुढे अक्कांच्या यजमानांची बदली झाली. सामान बांधून झालं, त्या संध्याकाळी मी हट्टानं गायला बसले. अक्कांनी नेहमीसारखा तानपुरा काढून घेतला.

"आई," एवढंच मी म्हणाले. पुढचे शब्द कसेबसे निघाले, तेही फाटक्या आवाजात. वर मान केली, तर अक्का डोळे मिटून डोलत होत्या. "आता चाल लावलीस तरी चालेल," म्हणाल्या. पण त्या दिवशी मला गाता आलं नाही, आणि सकाळी त्या गेल्या.

आईचा राग पुढे निवळला. अक्का मात्र पुन्हा भेटल्या नाहीत. अजून मी ते गाणं म्हणते. ऐकणारे हळूच विचारतात, "आईची फार आठवण येते ना?" मी हो म्हणते. खरं तर अक्कांची येते.