बेचाळिसावी सही

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कवडीचा विश्वास नाही. आम्ही बौद्ध, घरात अंगारा-धुपारा कधी आलाच नाही. त्यात मी सॉफ्टवेअरवाली. सर्व्हरचा लॉग खोटं बोलत नाही, एवढीच माझी श्रद्धा... म्हणूनच तर पंचाईत झाली.

मी ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत, क्वार्टरमध्ये राहते. माझ्या मावशीचं गाव मूल शहराजवळ, जंगलाला लागून. वाघ दिसला की तिथल्या चौकातला भोंगा वाजवणारं अ‍ॅप मी करून दिलं. आधी त्याला पासवर्ड होता. तो आठवड्यात गावभर झाला आणि लग्नाच्या वरातीतही भोंगा वाजू लागला! मग मी पासवर्डच काढून टाकला. आता राखणदार रामदासभाऊंनी आपल्या मोबाईलवर अंगठा टेकवायचा, मोबाईलनं आतल्या गुप्त किल्लीनं सही करायची, सर्व्हरनं ती तपासून भोंगा वाजवायचा. ती किल्ली मोबाईलबाहेर जातच नाही. आणि प्रत्येक सहीला मोबाईल स्वतःच पुढचा क्रमांक देतो.

यंदा ऐन मोहफुलांच्या दिवसांत भाऊंच्या मोबाईलची स्क्रीन फुटली. दुरुस्तीसाठी मी तो घरी आणला, उघडला, बॅटरी काढून खणात ठेवला. गावात दुसरा मोबाईल जोडायला हवा होता, पण उद्या करू म्हटलं. पहाटे बाया मोह वेचायला जातात, त्यांत माझी मावशीही असते, हे डोक्यातच आलं नाही. त्याची अजून लाज वाटते.

सकाळी मावशीचा फोन आला. "पोरी, तुह्या भोंग्यानं वाचवलं माय! आमी अर्ध्या वाटेवरून मागं फिरलो. वाघ मोहाखालीच बसून होता."

पण भाऊंचा मोबाईल तर माझ्याच खणात होता! लॉग उघडला. पहाटेची सही, किल्ली भाऊंचीच, क्रमांक बेचाळीस. खण उघडला... मोबाईल तिथंच, बॅटरी शेजारी.

दुपारी भाऊ मोबाईल न्यायला आले. मी विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "वाघ दिसल्यावानी वानरं ओरडून राह्यली होती. मी सवयीनं उशाखाली हात घातला, तं मोबाईल नाई. बाया तं निघून गेल्या होत्या. जिवाले घोर लागला, मंग तळहातावरच अंगठा दाबला. अन् भोंगा वाजला."

मी नवी स्क्रीन लावली, बॅटरी बसवली, भाऊंना अंगठा टेकवायला सांगितलं. सर्व्हरवर क्रमांक आला — त्रेचाळीस. म्हणजे बेचाळिसावी सही त्या बंद मोबाईलनंच केली होती!

सगळा कोड कितीदा तरी तपासला. उत्तर नाही. त्याच दिवशी दुसरा मोबाईल मात्र जोडून दिला.

निघताना भाऊ दारात थांबले, तळहात पुढे करून म्हणाले, "आणखी एकडाव दाबून पाहू काय?"

माझी हिंमत झाली नाही.