दुमड नसलेला स्कर्ट

टेलरबाईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं, आणि तिचं त्यावाचून काही अडतही नव्हतं. शाळेचे युनिफॉर्म शिवण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. समोर उभ्या राहिलेल्या पोराकडे ती एकदा नखशिखांत बघायची आणि त्याच्या आईला सांगायची, "हा भराभर वाढणाराय. खाली चांगली चार बोटं दुमड ठेवते." म्हणजे पँटच्या किंवा स्कर्टच्या खाली जास्तीचं कापड आत दुमडून हाताने टाके घालून ठेवायचं. पोर उंच झालं की टाके उसवायचे, कापड खाली सोडायचं, की पुढचं वर्ष निघालं. तिच्या हातचा कपडा म्हणूनच टिकायचा, आणि गिऱ्हाईकही.

तिची लेक याच कापडांच्या ढिगात मोठी झाली. पोरगी बोलायला लागली की दोरा संपायचा नाही, म्हणून बापाने तिचं नाव रीळ ठेवलं होतं. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. "दिवसभर वरखाली करून येतो, आता घरात तरी एका मजल्यावर राहा दोघी," असं तो मायलेकींचं भांडण पेटलं की म्हणायचा. रीळला शिवणातलं सगळं कळायचं. नवीन कपडा हातात आला की ती तो अंगाला लावून बघायचीच नाही, आधी उलटा करायची आणि दुमडीत बोटं घालून मोजायची. तिच्या शाळेच्या जुन्या स्कर्टवर खाली फिकट रेघा उमटल्या होत्या. दुमड सोडली की आधीच्या घडीची खूण राहते, त्या रेघा. मैत्रिणींना ती त्या कौतुकाने दाखवायची.

जुनं घर म्हणजे मागच्या बाजूची एक खोली, खिडकी उघडली की हातभर अंतरावर भिंत. भर दुपारी दिवा लावून टेलरबाई शिवायची आणि सुईत दोरा ओवायला रीळला हाक मारायची. मग एक दिवस शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरची जागा चालून आली. रस्त्याला लागून, मोठी खिडकी, कापायचं टेबल ऐसपैस मांडता येईल एवढी. ती खोलीत उभी राहिली, तिने पदराचं टोक खिडकीकडे धरलं आणि त्याचा प्रत्येक धागा तिला दिसला. त्याच क्षणी तिचं ठरलं. नवऱ्याचं काम कुठूनही होणार होतं, रीळची शाळा मात्र जुन्या घराच्या कोपऱ्यावर होती. घर बदललं ते टेलरबाईच्या डोळ्यांसाठी आणि टेबलासाठी. दुसरं काही कारण नव्हतं, आणि हे तिला पुरतं माहीत होतं.

हे कळल्यावर रीळने त्या रात्रीच्या जेवणावर बहिष्कार टाकला. टेलरबाईने तिला जवळ ओढलं आणि शब्द दिला. "घर बदललं तरी शाळा तीच. तुझी शाळा कुणी काढून घेत नाही."

"शपथ?"

"आईच्या बोलण्यावर शपथ लागते होय गं तुला?"

सुरुवातीला सगळं उत्साहाने झालं. सकाळी दोघी निघायच्या, मधे बस बदलायची, लेकीला शाळेच्या फाटकात सोडून टेलरबाई उलटी यायची. येईपर्यंत बंद दारासमोर गिऱ्हाइकं ताटकळत उभी. एक-दोघी तर समोरच्या रेडिमेडच्या दुकानात शिरलेल्या तिने लांबून पाहिल्या. रीळ परतीच्या बसमध्ये तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची, तिला उठवताना जिवावर यायचं. आणि नव्या घराच्या खिडकीतूनच एक दुसरी शाळा दिसायची. मधल्या सुट्टीतला पोरांचा कालवा थेट मशीनपर्यंत यायचा.

एका सकाळी लेकीला सोडून आल्यावर टेलरबाई घरी न जाता त्या शाळेत शिरली. पुढच्या वर्षी जागा आहे, असं तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं.

"रीळला कोण सांगणार?" त्याने विचारलं.

"तुम्ही सांगा की."

"शब्द तू दिलायस."

"मग सांगीन. वर्ष संपू दे आधी. आत्ताच कशाला तिचं तोंड उतरवायचं?"

असं म्हणून तिने वेळ मारून नेली. आपण खोटं बोलतोय असं तिला वाटतच नव्हतं. आपण फक्त थांबलोय, असं ती मनाची समजूत घालायची. माणूस स्वतःला फसवताना किती गोड बोलतो, ते तिच्याकडून शिकावं.

वर्ष सरत आलं तेव्हा रीळचा जुना स्कर्ट शिवणीत विरला. टेलरबाईने त्याच रंगाचं कापड आणून हातासरशी नवा शिवून टाकला. उरलेल्या पट्टीची टाचण्या टोचायची उशीही केली आणि ती टेबलावर ठेवली. रीळने स्कर्ट घेतला, सवयीप्रमाणे उलटा केला, कडेवरून दोनदा बोट फिरवलं आणि घालून शाळेत गेली. टेलरबाई तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या बाह्या कापत होती.

त्यानंतरही रीळचा दोरा सुटायचा तसाच सुटत राहिला. शाळेत नव्या वर्षाच्या सुरुवातीला नवीन मुलांच्या स्वागताचं नाटक असायचं आणि त्याच्या तालमी आधीपासून चालायच्या. रीळला त्यात खाष्ट म्हातारीचं काम मिळालं होतं. ती घरभर लंगडत फिरायची, लाकडी पट्टीची काठी करायची आणि बापाला "मेल्या, सरक बाजूला" म्हणायची. बाप मुकाट्याने सरकायचा. टेलरबाई हसायची आणि लगेच मान खाली घालायची, कारण ते नाटक होईल तेव्हा रीळ तिथे नसणार होती. आज सांगू, उद्या सांगू, असं करत ती मशीनचं चाक जोरात फिरवायची.

शेवटी शाळा सोडल्याचा दाखला मागायचा म्हणून टेलरबाई रीळच्या शाळेत गेली. बाई, म्हणजे रीळच्या वर्गशिक्षिका, तालमीला बसल्या होत्या. टेलरबाई दाराशी थांबली. स्टेजवर म्हातारी लंगडत होती, डावा खांदा खाली, काठी आपटत, अगदी रीळसारखीच. पण ती रीळ नव्हती. तिच्या बाकावरची चष्मेवाली मैत्रीण होती. रीळ खाली जमिनीवर बसून तिला वाक्यं पुरवत होती आणि मधेच उठून खांदा किती पाडायचा ते दाखवत होती.

बाई उठून बाहेर आल्या.

"बरं झालं तुम्ही आलात. काम तिने स्वतःहून सोडलं हो. म्हणाली, पुढच्या वर्षी मी नसणार, आत्तापासूनच तिला शिकवते."

"तिला कुणी सांगितलं?"

"मला वाटलं तुम्हीच. मी फोन करणार होते तुम्हाला. तर म्हणाली, नका करू. मला कळलंय हे आईला माहीत नाही, कळलं तर तिला वाईट वाटेल."

टेलरबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतके दिवस तिला वाटत होतं की आपण लेकीचं मन जपतोय. घरातली ती लंगडी म्हातारी, ती बडबड, सगळं आईला कळू नये म्हणून चाललं होतं. दाखल्याचा विषय न काढताच ती फाटकाशी जाऊन उभी राहिली.

बसमध्ये दोघींना खिडकीजवळची जागा मिळाली. रीळ तालमीचं काहीबाही सांगू लागली तशी टेलरबाईने तिचा हात धरला.

"मी आत आले होते. पाहिलं सगळं."

रीळने दप्तर मांडीवर ओढून घेतलं.

"बाबांनी सांगितलं का तुला?"

रीळने नकारार्थी मान हलवली. मग आपल्या स्कर्टची कड उलटून आईपुढे धरली. आत कापड नव्हतंच. शिलाईपुरती जेमतेम मुडपलेली कड आणि वर मशीनची टीप.

"तू गिऱ्हाइकांच्या पोरांनाही चार बोटं ठेवतेस," रीळ म्हणाली. "मला अर्धंही नाही."

टेलरबाई त्या कडेकडे बघत राहिली. ते कापड कापताना तिने काहीच ठरवलं नव्हतं. थोडेच दिवस तर घालायचाय, उगाच कशाला कापड आत कोंबायचं, एवढाच हिशेब हाताने केला होता, आणि जिभेला जे जमलं नाही ते हात सांगून बसले होते. वाचलेल्या कापडाची उशी करून वर ती लेकीच्या डोळ्यांसमोर ठेवली होती! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं. बस भरलेली होती म्हणून ती तोंड खिडकीकडे करून रडली.

दुसऱ्या दिवशी लेकीला सोडल्यावर तिने दोन कामं केली. खिडकीतून दिसणाऱ्या शाळेत जाऊन जागा नको म्हणून सांगितलं, आणि दुकानाच्या दारावर पाटी लावली की दुकान उशिरा उघडेल. नवऱ्याने एक दिवसाआड सकाळी लेकीला पोचवायचं कबूल केलं. मग तिने त्याच रंगाचं कापड घेतलं आणि नवा स्कर्ट कापला. पाच बोटं दुमड ठेवली आणि हाताने बारीक टाके घातले. लेकीला तोंडाने काही सांगायचा तिला धीर झाला नाही. तिच्या तोंडाला आता किंमत तरी काय उरली होती?

रीळ घरी आली तेव्हा स्कर्ट टेबलावर होता. तिने तो उचलला, उलटा केला आणि बोटं घातली. एकदा मोजून पुन्हा मोजलं. बाजूच्या शिवणीही उलटून पाहिल्या. आईच्या शब्दापेक्षा शिवणीवर तिचा भरवसा जास्त होता, आणि तिथे उभी राहून टेलरबाई ते बघत होती.

"खरंच?" रीळने विचारलं.

"खरंच. त्या शाळेत नाही सांगून आले."

रीळ हसली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडली.

"मग माझी म्हातारी?" ती म्हणाली. "त्या चष्मेवालीने सगळी वाक्यं पाठ केलीत, आई. तिच्या आईने शालपण आणलीय. आता मी ते काम परत कसं मागू?"

टेलरबाईने टाचण्यांची उशी उचलली आणि एकेक टाचणी काढून तिची शिवण उसवायला घेतली.