लोहचुंबकाची कांडी

आचऱ्याचा जमाल तांडेल हा दर्यावरचा माणूस. लग्नानंतरची निम्म्याहून अधिक वर्षं त्याची होडीतच गेली. घर, मुलगी, सासू-सासऱ्यांची आजारपणं त्याची बायको सलमा हिनं एकटीनं निभावली आणि कधी तोंडातून शब्द काढला नाही. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, तेव्हा जमालनं होडी पुतण्याच्या हवाली केली आणि तो घरी बसला.

डायलिसिस सुरू झालं. सुया तिनं सोसल्या, पण खाज काही सोसवेना. अंग कोरडं ठाक पडून पायांची, पाठीची कातडी खवल्यांसारखी सुटायची. खाजवून खाजवून रक्त यायचं. डॉक्टरांनी दिलेलं क्रीम लावायला जमाल बसायचा, पण जन्मभर दोर ओढून त्याचे तळवे खरखरीत झालेले. त्याचा हात फिरला की सलमा अंग चोरायची. दुखतं असं मात्र कधी म्हणाली नाही.

त्यांची मुलगी अरिबा मुंबईला एका ब्युटी पार्लरमध्ये कामाला होती. ईदला आली तेव्हा तिनं बापाचे हात पाहिले, आईचं अंग पाहिलं. पुढच्या खेपेला तिनं एक कांडी आणली. तिच्या टोकाला गुळगुळीत धातूची चकती आणि चकतीत लोहचुंबक. क्रीमचे ठिपके लावून वरून ही कांडी फिरवायची, म्हणजे क्रीम कातडीच्या आत ओढलं जातं, असं तिला पार्लरमध्ये शिकवलं होतं. तिनं अब्बाला फिरवून दाखवलं. सलमानं पहिल्यांदाच अंग सैल सोडलं.

मग जमालचा नेमच झाला. सलमाची आंघोळ झाली की तो कांडी घेऊन पायथ्याशी बसायचा. टाचांपासून सुरू करायचा आणि हात चालता चालता बोलत राहायचा. वादळात वेंगुर्ल्याच्या खडकांशी होडी कशी लागली होती, बुडालेला मित्र शेवटी काय म्हणाला, हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सलमा डोळे मिटून ऐकायची. हळूहळू कातडी मऊ झाली, खाजही उतरली. जमाल भेटेल त्याला लोहचुंबकाचं कौतुक सांगू लागला.

डायलिसिसच्या खोलीत, सलमा डोळे मिटून पडलेली असताना, यंत्र सांभाळणाऱ्या सुशांतलाही त्यानं ते सांगितलं. सुशांतनं नीट ऐकून घेतलं.

"काका, लोहचुंबकाचा तसा काही भरवसा देता येत नाही," तो म्हणाला. "तुम्ही आंघोळीनंतर ओलसर अंगावर रोज न चुकता क्रीम लावता ना, त्याचा गुण आहे हा."

जमालचं तोंड उतरलं.  हे सलमाला सांगायचं नाही, असं त्यानं परतताना रिक्षात ठरवलं. तिला बरं वाटतंय तेवढं तरी राहू दे.

दुसऱ्या दिवशी तो कांडी घेऊन बसला, पण गोष्ट काही सुचेना. सलमानंच डोळे उघडले.

"तो पोरगो सांगत होतो, ता माका आयकाक इला," ती म्हणाली. "लोहचुंबकात काय नाय, ह्या माका पयलाच म्हायत होता. पण जल्मभर तुमी दर्यात. घराक इलास काय झोपलास. आता ह्या निमतान तरी माझ्याकडे बसतास."

जमालनं दुसऱ्या हातानं तिचा पाय धरून ठेवला. कांडी फिरत राहिली, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

काजूचा हंगाम सरता सरता सलमाचं हृदय थकलं. डायलिसिसला न्यायची गाडी दारात उभी होती, आणि ती उठलीच नाही.

मोहल्ल्यातल्या बायका तिला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, द्यायला जमल्या. आतून खोलीचं दार लागलं. अंगणात पुरुषांबरोबर बसलेला जमाल मध्येच उठला आणि त्या दाराशी जाऊन उभा राहिला. कुणाला वाटलं, त्याला शेवटचं बघायचंय. त्यानं दाराला कपाळ टेकलं.

"पाणी कोमट घेवा," तो आतल्या बायकांना म्हणाला. "आणि जोरान घासू नकात. तिची कातडी लगेच फाटता."

 आतून एका म्हातारीचा रडवेला आवाज आला, "व्हय रे, जमाल."

मुंबईहून पोचलेल्या अरिबानं त्याला धरून मागं नेलं.